गुण कोणाचे मोजायचे?

बारावीचा निकाल लागला की भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न विचारला जातो, "एवढ्या मार्कांवर नर्सिंगला लागेल का?" विचारणारा कधी बाप असतो, कधी मामा, कधी गावातली आशाताई, तिने तर आपल्या मुलीसाठी हे स्वप्न स्वतःच्या कामावरूनच पाहिलेले असते. उत्तर सेतू केंद्रावर मिळते, नाहीतर नागपूरच्या एखाद्या क्लासच्या माणसाकडून फोनवर. माझे म्हणणे असे आहे की आपण हा प्रश्न अर्धाच विचारतो. मुलीचे गुण आपण दशांश चिन्हाच्या पुढेही तपासतो, पण ज्या संस्थेत ती आपली तीन-चार वर्षे घालणार तिला किती गुण द्यायचे हे कोणी विचारत नाही. आणि मुलीचे जे गुण मोजतो, त्यांतही तिच्या पुढच्या कामाशी संबंध असलेले फार थोडे असतात.

नियम आधी सांगायला हवेत. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. त्याला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून किमान 45 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत, इंग्रजीत उत्तीर्ण असावे लागते आणि वर राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा. जीएनएम तीन वर्षांचे. त्याला कोणत्याही शाखेची बारावी इंग्रजीसह चालते, 40 टक्के पुरतात. एएनएम दोन वर्षांचे, तेही सगळ्या शाखांना खुले. म्हणजे लाखांदूर किंवा मोहाडीकडच्या कनिष्ठ महाविद्यालयातून कला शाखेत बारावी झालेल्या मुलीला पदवीचे दार बंदच. तिने कला शाखा आवडीने घेतली असेल तर बोलणे नाही. पण जवळच्या कॉलेजात विज्ञान नव्हते, किंवा विज्ञानाच्या कॉलेजहून संध्याकाळी परतायला एसटी नव्हती म्हणून घेतली असेल, तर तिची पदवी दहावीनंतरच एसटीच्या वेळापत्रकाने ठरवून टाकली, असेच म्हणावे लागेल.

सीईटी 100 गुणांची असते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगची अभियोग्यता, प्रत्येकी 20. ही विभागणी भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 साली राजपत्रात आलेल्या नियमांतूनच आली आहे. त्याच नियमांत पात्रतेची रेषा आहे: खुल्या प्रवर्गाला 50 पर्सेंटाइल, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना 40. पर्सेंटाइलला टक्के समजण्याची चूक बहुतेक पालक करतात. 50 पर्सेंटाइल म्हणजे निम्मे पेपर बरोबर सोडवणे नव्हे. परीक्षेला बसलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असणे. एखाद्या वर्षी सगळी मुले हुशार निघाली तरी निम्मी अपात्र ठरणार, आणि सगळी कच्ची निघाली तरी निम्मी पात्र ठरणार. परिचारिकेला किमान काय यायला हवे, याबद्दल ही रेषा काहीच सांगत नाही. ती फक्त रांगेतली जागा सांगते.

या रेषेवर तिच्या रक्षकांचाही पुरता विश्वास नाही. खासगी कॉलेजांत जागा रिकाम्या राहिल्या की पर्सेंटाइलची अट खाली आणण्याची मागणी होते, आणि ती अट शिथिल झालेलीही आहे. निकाल लागताच जी मुलगी 'गुणवत्तेत बसत नाही' म्हणून घरी बसवली जाते, तीच उशिराच्या फेरीत, रोवणी आटोपल्यावर, चालून जाते. मधल्या काळात तिच्या ज्ञानात काही भर पडलेली नसते. तिने बांधीत पऱ्हे लावलेले असतात, एवढेच. मग जी रेषा जागा भरायला खाली येते, तिला गुणवत्तेची रेषा कसे म्हणायचे?

या कामाला खरोखर लागते काय, ते जवळून पाहू. जेंटामायसिनचे साधे अॅम्प्युल असते, 2 मिलीलिटरचे, त्यात 80 मिलिग्रॅम औषध. समोर नवजात बाळ आहे, वजन 2 किलो, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताहेत. मात्रा किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे या बाळाला 10. अॅम्प्युलमध्ये एका मिलीलिटरला 40 मिलिग्रॅम आहेत. तेव्हा सिरिंजमध्ये 0.25 मिलीलिटर ओढायचे. दशांश चिन्ह एक घर सरकले तर 2.5 होते आणि बाळाला दहापट औषध जाते. हे औषध जास्त झाले तर मूत्रपिंडावर आणि कानावर घाव घालते. 2014 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विशिष्ट परिस्थितीत, म्हणजे बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी किंवा पाठवणे शक्यच नसेल तेव्हा, हे इंजेक्शन एएनएमही देऊ शकते. उपकेंद्रात अशा वेळी तिच्या शेजारी डॉक्टर नसतो, कॅल्क्युलेटर असला तर मोबाइलमध्ये, आणि बाळाची आई रडत असते.

सलाईनचेही तसेच. 500 मिलीलिटर आठ तासांत द्यायचे, संचातून एका मिलीलिटरला 20 थेंब पडतात, तर मिनिटाला साधारण 21 थेंब. हे त्रैराशिक आहे, शाळेतले. ते पक्के आणि रात्री तीन वाजताही न चुकणारे हवे.

आता पाहा, नर्सिंगच्या वाटेवर हे त्रैराशिक कोण तपासते? आरोग्य क्षेत्रात जायचे ठरवलेली बरीच मुले अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र घेतात. दहावीनंतर त्यांच्या गणिताची गाठ थेट वॉर्डात पडते. प्रवेश परीक्षेच्या पाच भागांत गणित नावाचा भाग नाही. रसायनशास्त्रातले अभिक्रियांचे प्रश्न पाठ करून एखादी मुलगी रांगेत शंभर जणींच्या पुढे जाते. दशांश चिन्हाला घाबरणारी आहे की नाही हे आपल्याला कळतच नाही. मला भौतिकशास्त्राचा तिटकारा नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब समजायला ते लागतेच. पण 100 पैकी 60 गुण बारावीच्या विज्ञानाच्या उजळणीला देऊन एकही गुण औषधाच्या हिशेबाला न ठेवणारी परीक्षा बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वॉर्ड नसावा, असे मला ठामपणे वाटते.

यावर सुचवला जाणारा उपाय ठरलेला आहे. गुणांना एवढे महत्त्व कशाला, मुलीची मुलाखत घ्या, तिच्यात सेवाभाव आहे का, धीर आहे का, ते पाहा. इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. त्यावरच्या 2013 च्या फ्रान्सिस अहवालानंतर तिथे नर्सिंगच्या प्रवेशात मूल्ये पारखणाऱ्या मुलाखतींवर भर आला. ऐकायला हे फार चांगले आहे. पण आपल्याकडे मुलाखत म्हणजे काय, हे भंडाऱ्यात कोणालाही विचारा. खोलीत बसलेल्या तिघांपैकी कोण कोणाच्या ओळखीचा, कोणाची चिठ्ठी आली आणि पाकीट कोणाचे, याचीच चर्चा आधी होईल. धानाच्या दोन एकरांवर जगणाऱ्या बापाकडे मुलीच्या सेवाभावाची साक्ष द्यायला कोणी आमदार नसतो. तिच्याकडे असते ती गुणपत्रिका, आणि तीच एक गोष्ट अशी की जी कोणाच्या शब्दावाचून बोलते. लेखी गुण ही गरीब मुलीची ढाल आहे. ती काढून घेणाऱ्या प्रत्येक सुधारणेला माझा विरोध आहे, तिचा हेतू कितीही उदात्त असो.

शिवाय आजच्या व्यवस्थेत गुणांचे थेट पैशात रूपांतर होते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात 100 टक्के सवलत मिळाली, पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून, आलेल्या मुलींना. कॅप राउंडला थोडक्यात हुकलेली मुलगी संस्थेच्या कोट्यातून गेली तर पूर्ण फी भरते. त्यात जात वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही, नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपली, की हातातली जागाही जाते. हे सगळे नेमके जुलै-ऑगस्टमध्ये, रोवणीच्या मजुरीचे चार पैसे मिळण्याच्या दिवसांत. आईबाप बांधीत, मुलगी तहसीलच्या रांगेत. निर्णय चांगलाच आहे, पण त्यामुळे त्या दोन-चार गुणांवर किती ओझे आले आहे ते लक्षात घ्यावे.

गुण राहू द्यावेत, पण ते कशाचे आणि कधी मोजायचे हे बदलावे, अशा मताला मी आलो आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 मध्ये सुरू झाली. तिथे शिकाऊ मुलींसाठी दर महिन्याला एक तक्ता भरला जाई. वक्तशीरपणा, विश्वासूपणा, स्वच्छता, वॉर्डातली शिस्त, जखम बांधणे असे रकाने, आणि प्रत्येकात उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे, शून्य असे शेरे. दाराशी एकदा घेतलेल्या परीक्षेवर त्या बाईंचा भरवसा नव्हता. दर महिन्याला, रुग्णाच्या खाटेशी काय दिसते, त्याला त्यांनी गुण दिले. महाराष्ट्रात रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून विधवा आणि गरजू मुलींना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले. त्या मुलींकडे दाखवण्याजोगी गुणपत्रिका कुठून असणार? समाज त्या कामाला हलके समजत होता. आज त्याच कामासाठी रांग लागते, ही त्या बायकांची कमाई आहे.

आणखी जवळचा दाखला वैनगंगेच्या काठानेच खाली गेल्यावर मिळतो. लाखांदूरच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. शाळा त्यांची पाचवी ते दहावीच्या दरम्यानची. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, आणि संसर्ग झाला तर जेंटामायसिनचे इंजेक्शनसुद्धा, हो, तेच, या बायका देत. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटला. पुढे देशभरच्या आशांना दिलेले घरगुती नवजात काळजीचे प्रशिक्षण याच कामातून उभे राहिले.

या दाखल्याचा गैरवापर होऊ नये. 'सर्च'च्या या आरोग्यदूत बायका म्हणजे परिचारिका नव्हेत, आणि 'शिक्षण कशाला, सेवाभाव पुरे' असा अर्थ काढणे म्हणजे त्या कामाचा अपमान आहे. त्या बायकांना मोजके शिकवले, पण पक्के शिकवले. काम सुरू झाल्यावर डॉक्टर नियमित गावात येऊन त्यांच्या नोंदी तपासत. प्रवेशाची अट सैल होती आणि शिकवणाऱ्याची शिस्त कडक. आपण नर्सिंगच्या शिक्षणात बरोबर उलटे करून ठेवले आहे.

कारण शिकवणाऱ्याकडे पाहायला गेलो तर काय दिसते? तुमसरहून उत्तरेला बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीनशेहून अधिक नर्सिंग कॉलेजांची सीबीआय तपासणी झाली. कित्येक कॉलेजे निकषांत बसत नव्हती. आणि मे 2024 मध्ये, चांगला अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून, तपास करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. त्या कॉलेजांत गेलेल्या मुलींचे गुण कमी होते की जास्त, याने काही फरक पडला असता का? नव्वद टक्क्यांची मुलगी रिकाम्या खाटांच्या रुग्णालयात चार वर्षे राहिली तर बाहेर पडताना तिच्या हाताला शीर सापडत नाही.

नियम आपल्याकडेही चांगले आहेत. पदवी हाती पडण्याआधी प्रात्यक्षिकांची हजेरी 100 टक्के पूर्ण हवी, असा परिचर्या परिषदेचा नियम आहे. संस्थेला रुग्णालय हवे, त्यात ठरावीक खाटा हव्यात. कागदावर खाट आणि खाटेवर रुग्ण यांत मात्र फार अंतर असते, आणि ते अंतर पालकाला कोणी सांगत नाही. तपासणीचा दिवस गेला की रुग्णालय पुन्हा शांत होते, अशा तक्रारी नर्सिंगच्या विद्यार्थिनींशी बोलताना ऐकायला मिळतात. त्या लेखी करायला त्या घाबरतात, कारण मूळ गुणपत्रिका आणि टीसी संस्थेच्या कपाटात असतात.

काही जाणते लोक म्हणतील, प्रवेश सैल करून चालणार नाही, उलट जीएनएम बंद करून पदवीच सक्तीची करावी. परिषदेने एकदा तसे ठरवलेही होते, ते पुढे मागे पडले. त्यांच्या बाजूला भक्कम पुरावा आहे. युरोपातल्या नऊ देशांच्या रुग्णालयांचा मोठा अभ्यास 2014 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले तिथे शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी आढळली. पण त्याच अभ्यासाचे दुसरे वाक्य तितकेच मोठे आहे: परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की ती शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. चांगले शिक्षण रुग्ण वाचवते, आणि पुरेशी माणसे रुग्ण वाचवतात. प्रवेशाच्या वेळचे गुण रुग्ण वाचवतात, असे त्यात कुठेही नाही.

हे दुसरे वाक्य भंडाऱ्याला कोणी शिकवायला नको. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे इथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या विशेष कक्षाला आग लागली. 10 बाळे गेली, 7 वाचली. चौकशीनंतर डॉक्टरांवर कारवाई झाली, तशी परिचारिकांवरही. सेवा संपवलेल्यांत कंत्राटी परिचारिका होत्या, आणि पुढे गुन्हाही दाखल झाला. दोष कोणाचा किती हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्या बाळांच्या आयांना द्यायचे उत्तर एकट्या परिचारिकेपाशी थांबत नाही, एवढे मी बोलेन. रात्रपाळीला अशा कक्षात किती हात असावेत, कंत्राट किती महिन्यांचे, शिकताना तिच्या हातात अग्निशामक नळकांडे एकदा तरी दिले होते का, हे प्रश्न तिच्या मार्कांपेक्षा कितीतरी महत्त्वाचे होते. अजूनही आहेत.

मग भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याने मागावे काय? प्रवेश परीक्षेत औषधाच्या हिशेबाचा आणि साधी सूचना वाचून समजण्याचा भाग हवा, आणि त्यात पर्सेंटाइलची रेषा नको, ठोस किमान गुणांची हवी. ती रेषा कोणाच्या रिकाम्या जागांसाठी खाली येता कामा नये. त्या रेषेच्या वर असलेल्या मुलींत जिल्ह्यातल्या मुलीला जिल्ह्याच्या शासकीय संस्थेत प्राधान्य हवे. पवनीच्या म्हातारीचे दुखणे तिच्या झाडीबोलीत ऐकून समजणारी मुलगी या मातीतच सापडणार, आणि शिकून इथेच राहण्याची शक्यताही तिचीच जास्त. भंडाऱ्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. केंद्राने 2023 च्या अर्थसंकल्पात 2014 नंतरच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात 157 नर्सिंग कॉलेजे काढण्याचे जाहीर केले होते; तेच सूत्र इथे लावून घेणे हे आपल्या लोकप्रतिनिधींचे काम आहे. खाटा भरलेल्या शासकीय रुग्णालयाइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

एएनएमची शिडीही खरी व्हायला हवी. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला जाता येते, जीएनएमला पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक पदवी घेता येते. नियम आहे. पण उपकेंद्रात कंत्राटावर असलेली, घर चालवणारी बाई बिनपगारी तीन वर्षे शिकायला कशी जाईल? जर्मनीत नर्सिंग शिकणाऱ्याला शिकण्याच्या तिन्ही वर्षांत वेतन मिळते. आपल्या राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मनुष्यबळ पाठवण्याआधी त्यांची ही एक चाल तरी उचलावी. बारावीच्या मार्कांनी जिला खालच्या पायरीवर ठेवले, तिने दहा वर्षे बाळंतपणे करून मिळवलेले गुण कुठल्याच यादीत धरले जात नाहीत. माझ्या मते त्यांच्याइतके खरे गुण दुसरे नाहीत.

सरकारला आणखी एक गोष्ट एका आठवड्यात करता येईल. पर्याय भरताना कॉलेजचा कोड आणि जागा दिसतात, तशी त्या संस्थेच्या रुग्णालयातल्या भरलेल्या खाटांची मागच्या वर्षीची सरासरी छापा. तोवर पालकांनी हे काम स्वतः करावे. लेकीचा प्रवेश घेण्याआधी, कोणाला न कळवता, आठवड्यातल्या कोणत्याही साध्या दिवशी त्या संस्थेच्या रुग्णालयात जा. वॉर्डात फिरा, खाटांवर माणसे किती आहेत ते मोजा, आणि तिथल्या एखाद्या शिकाऊ मुलीला विचारा की या महिन्यात तिने किती इंजेक्शने दिली. रुग्णालय रिकामे दिसले तर मुलीचे नाव तिथे घालू नका.